चवळीखाऊची साक्ष

सुगी आटोपल्यापासून सितान म्हातारी एक सुई डोक्याच्या फडक्यात दडवून हिंडत होती. दोरा आधीच ओवलेली सुई. सकाळी सून कोरो पाण्याला गेली की सितान दाराच्या उजेडात बसायची, जिभेने दोऱ्याचं टोक ओलं करायची, नेढ्याशी झटापट करायची, सुईला, दोऱ्याला आणि सुई घडवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालायची, आणि असंख्य वेळा चुकल्यावर एकदाचा दोरा आत गेला की ती सुई फडक्यात खोचून ठेवायची. मग दिवसभरात कुणीही येऊन म्हणालं, "आजी, दाखव ना ओवून," की दुसरी सुई बोटांत खेळवायची, फडकं सावरल्यासारखं करायची आणि ओवलेली सुई पुढे धरायची. लोक टाळ्या पिटायचे. सितान घाईघाईने सुई परत फडक्यात खोचायची.

हे लचांड तिच्यामागे लागलं ते तिच्या कीर्तीमुळे. शहरातल्या इस्पितळात जाऊन मोतीबिंदू काढून आलेली गावातली पहिली बाई तीच. डावा डोळा लहानपणी गोवरात गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. जाताना गाढवाच्या गाडीत पोत्यासारखी घालून नेली होती, आणि परत आली ती स्वतःच्या पायांनी, वाटेतल्या एकेकाला नावानिशी हाक मारत. त्याच दिवशी कडुनिंबाखाली बसून तिने सगळ्यांसमोर सुई ओवली. विणकरांच्या वीतभर रुंद पट्ट्या एकमेकींना जोडून चादरी शिवण्यात तिचा जन्म गेला होता; किती वर्षांनी सुई हातात बोलली, आणि ती ढसाढसा रडली. तेव्हापासून गावात कुणी डोळ्यांचं रडगाणं लावलं की त्याला उचलून सितानच्या अंगणात आणून बसवायचे.

आणि आता तोच डोळा परत धुरकटला होता.

पहिल्यांदा तिने चुलीला दोष दिला. मग उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या धुळीला. मग कोरोला. "दिव्याची काच पुसत जा गं जरा," असं तिने इतक्यांदा ऐकवलं की कोरोने पुसून पुसून ती काच झिजवली. पण धूर काचेवर नव्हता. पेजेवर साय धरावी तसं जगावर काहीतरी धरत होतं. मोटरसायकलचा दिवा समोरून आला की त्याच्या दहा काड्या होऊन डोळ्यात घुसायच्या. समोरचं माणूस चालीवरून, आवाजावरून ओळखायचं, पूर्वीसारखं. सितानला कळून चुकलं. मोतीबिंदू परत आला. कापलेलं गवत पाऊस पडला की पुन्हा उगवतं, तसा. वर तिच्या मनाला आणखी एक खात होतं: डॉक्टरने धुरापासून महिनाभर लांब राहा म्हणून बजावलं होतं, आणि महिना संपायच्या आतच ती शियाच्या झाडाच्या तेलबिया उकडायच्या भट्टीपाशी जाऊन बसली होती. म्हणजे करणी आपलीच. कुणाला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

स्वतःचं स्वतः भोगलं असतं तिने. पण गावातली पाच-सहा म्हातारी माणसं आता तिच्या सुईच्या भरवशावर शहरात जायला निघाली होती, आणि त्यांत झांके होता.

झांके जारा हा तिच्या मेलेल्या नवऱ्याचा जिवलग. एके काळचा नाणावलेला शिकारी, ज्याने तरसाला भाल्याने लोळवलं. पण डॉक्टरच्या सुरीचं नाव काढलं की त्याचे पाय लटपटायचे. दोन्ही डोळे पांढरेफटक पडले होते तरी वर्षानुवर्षं तो नाही म्हणजे नाहीच म्हणत आला. आणि आडनावाने ती त्राओरे, तो जारा. त्राओरे आणि जारा एकत्र आले की थट्टा झालीच पाहिजे, हे वाडवडिलांनी घालून दिलेलं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, आईबापांचा उद्धार करायचा, आणि कुणी रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. मयतात सुद्धा त्राओरे येऊन जाराच्या प्रेताला सांगतो, ऊठ, आळशी, काम पडलंय. सितान आणि झांके गेली चाळीसेक वर्षं हे नातं इमानाने निभावत होती. एकमेकांशी सरळ असं एक वाक्य त्यांनी बोलल्याचं गावाला आठवत नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी आवा आली. आवा म्हणजे इस्पितळाकडून गावोगाव फिरणारी आरोग्यताई, फटफटीवरून यायची आणि फटफटीसारखीच बोलायची. "परवा सकाळी गाडी येणार. कपडे, चटई, सोबत एक माणूस. जेवण तिथे मिळेल. कुणी ऐन वेळी पाय मागे घ्यायचा नाही! सितान आजी, दाखव बरं यांना."

कडुनिंबाखाली सगळे जमलेले. सितानने सुई घेतली, फडकं सावरलं आणि ओवलेली सुई पुढे धरली. टाळ्या.

"ओवली?" झांकेने मान वाकडी करून विचारलं. तो नेहमीच्या जागी, झाडाच्या मोठ्या मुळावर बसला होता.

"ओवली की, काका!" आवा म्हणाली.

"इतक्यात? काय गं त्राओरे, आज सुईला शिवी नाही घातलीस?"

"तुझ्यासाठी राखून ठेवलीय, चवळीखाऊ."

लोक हसले. झांकेही हसला, जरा उशिराने. "बरं, जातो मी," तो म्हणाला. "एका त्राओरेला दिसतं म्हणजे जाराला चंद्राच्या आतलं दिसेल." आवाने त्याचे दोन्ही हात धरून हलवले. सितानला वाटलं, आत्ताच्या आत्ता फडक्यातल्या सगळ्या सुया काढून याच्यासमोर टाकाव्यात. पण तिने फडक्याची गाठच घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते तिला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

ती विहिरीवरून येत होती. कडुनिंबाच्या मुळावर निळा झगा घातलेलं कुणी बसलेलं. झांकेची जागा, झांकेचा झगा. रात्रभर डोळा लागला नव्हता, मन सैरभैर, आणि मन सैरभैर असलं की सितानच्या तोंडाला धार यायची. तिने लांबूनच सुरुवात केली. "ऊठ रे गुलामा! फुकटची सावली मिळाली म्हणून ढुंगण टेकून बसलायस? कालची चवळी पोटात फुगली वाटतं! चल, माझ्या गाढवांना पाणी पाजून आण, मग बस!"

झगा हलला नाही. उलट टोला आला नाही. मग एक खाकरा ऐकू आला, जड आणि संथ. तो झांके नव्हता. ते मामारी होते. कोरोचे वडील. तिचे व्याही.

व्याह्यासमोर त्यांच्याकडे कुणी मोठ्याने शिंकतही नाही. आणि तिने त्यांना गुलाम म्हटलं होतं, पोटातल्या चवळीसकट. ना ते जारा, ना थट्टेच्या नात्यातले दुसरे कुणी; मुलीला भेटायला बाजारच्या वाटेवर टेकलेला भला माणूस. कोरो घरातून धावत आली आणि उंबऱ्यातच थिजली. आता दोनच वाटा होत्या. मला दिसलं नाही म्हणायचं, की उद्या गाडी रिकामी जाणार. नाही तर जाणूनबुजून व्याह्याची अब्रू काढली असं होऊ द्यायचं, आणि कोरोचा संसार तिच्या बापाच्या रागात लोटायचा. सितान तशीच उभी राहिली, हंडा डोक्यावर, तोंड उघडं.

"आलो गं, आलो!" मागून आवाज आला. "किती ओरडतेस! मी इथे तुझ्या पाठीशी उभा, आणि ही आंधळी पाहुण्यांच्या तोंडावर बोंबलतेय! व्याहीबुवा, माफ करा हं, हे सगळे बाण या जाराच्या नावाचे. त्राओरेचा नेम कधी सरळ लागलाय?"

झांके होता. धापा टाकत होता. मामारींच्या छातीतून हसू आलं, संथ, खाकऱ्यासारखंच. "मलाही वाटलं," ते म्हणाले, "की विहीणबाई एवढं गोड कुणाशी बोलतायत." सगळं निभावलं. कोरोने पाणी दिलं, ख्यालीखुशाली झाली, घरच्यांची, गुराढोरांची, पिकापाण्याची. सितानने नशिबाचे आभार मानले, की झांके नेमका तिथेच होता.

व्याही गेल्यावर कोरोने झांकेची नडगी पाहिली आणि शियाच्या बियांचं लोणी घेऊन आली. "काका, केवढं सोललंय हे! कशाला आपटलात?"

"उखळाला. त्राओरेंच्या घरचं उखळ ते, जाराला अडवणारच."

त्या दिवशी सितानच्या पुढ्यातला घाटा तसाच राहिला. भेंडीच्या रश्श्यात बोटं बुडवून ती नुसती बसली. आज नुसती अब्रू जात होती. उद्या हा भित्रा माणूस माझ्या खोट्या सुईपायी सुरीखाली झोपणार. वर्षभर दिसेल, आणि मग परत हेच. एकदा आंधळं होणं माणूस सोसतो. दिसायला लागल्यावर दुसऱ्यांदा आंधळं व्हायचं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक होतं. त्याला ते भोगायला लावायचा आपल्याला काय हक्क? ती उठली, अंगणात गेली, परत आली, चटई झटकली, अंथरली, परत झटकली. कोरो म्हणाली, "आई, झोपा ना." सितान म्हणाली, "तूच झोप."

सकाळी गाडी आली. छताला गाठोडी बांधली जात होती, कोंबड्या पायांत येत होत्या, आवा नावं पुकारत होती. झांके आत चढून बसलाही होता, खिडकीशी, नडगीला चिंधी. सितान गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी पोचली.

"जारा, उतर खाली."

"का गं? माझ्याशिवाय दिवस जायचा नाही का?"

"ऐक माझं. माझ्या डोळ्यात परत धूर आलाय. मोतीबिंदू परत आला. मला काही दिसत नाही. त्या सुया मी आधीच ओवून ठेवते. तू जाऊ नकोस."

गाडीतल्या पाचही म्हाताऱ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आणि मग झांके हसला. खदाखदा, छातीवर हात मारत. "ऐकलंत! ऐकलंत का रे! जाराला दिसायला लागलं तर आपलं वजन जाईल, म्हणून त्राओरे सकाळी सकाळी डोळा फोडून घ्यायला निघाली!"

अख्खी गाडी हसली. बाहेरची गर्दी हसली. ड्रायव्हरने कौतुकाने हॉर्न वाजवला.

"थट्टा नाही करत मी! अल्लाशपथ!"

"त्राओरेची शपथ! गळ्यात बांधून ठेवा रे कुणीतरी!"

"माझ्या नवऱ्याच्या कबरीची शपथ!"

"तो बिचारा तुला कंटाळूनच तिकडे गेला ना!"

आता बायका डोळे पुसत होत्या. कोरोसुद्धा तोंडाला फडक्याचं टोक लावून हसत होती. सितान जितकी कळवळून बोलेल तितकी लोकांना मजा येत होती. असली झकास थट्टा गावाने फार दिवसांत ऐकली नव्हती. चाळीस वर्षं तिने या माणसाशी फक्त खोटं बोलायचा रिवाज पाळला, आणि आज खरं सांगायची वेळ आली तर त्या खऱ्याला जागाच उरली नव्हती. तिला आयुष्यात पहिल्यांदा त्या नात्याचा राग आला. आडनावांचा राग आला, वाडवडिलांचा आला.

गाडीचं इंजिन सुरू झालं. सितानने मागचापुढचा विचार न करता दाराचा दांडा पकडला.

"आजी, तू कुठे?" आवाने विचारलं.

"याच्यासोबत माणूस नको?"

"चल, बरंच झालं," आवा म्हणाली. "तू असलीस की सगळ्यांना धीर येईल."

इस्पितळाच्या आवारात दुपारपर्यंत तपासण्या चालल्या. गावोगावची माणसं चटयांवर, ओट्यावर, भिंतीच्या सावलीत बसली होती. झांकेच्या कपाळाला डाव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावून त्याला सांगितलं, आज संध्याकाळच्या आत हा डोळा. सितान रांगेत लागली नाही. ती सोबतीला आलेली, तिला कोण विचारतो? ती बसायची, उठायची, नळावर जाऊन हात धुवायची, परत यायची.

"बस की एका जागी," झांके म्हणाला.

"मुंग्या आहेत."

"सितान."

ती खरंच बसली. त्याने तिला नावाने हाक मारली होती. या जन्मात तिने ती त्याच्या तोंडून ऐकली नव्हती, तिच्या लग्नातसुद्धा नाही.

"थट्टा मी खाली ठेवलीय," तो म्हणाला, आणि खरोखरच काहीतरी ठेवावं तसा हात चटईवर टेकला. "आता सांग. काहीच दिसत नाही?"

"आवाज दिसतो तुझा. तोंड नाही." तिला हुंदका आला. "झांके, मी गाडीपाशी खरंच सांगत होते रे."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. खरी सुई ओवताना तू तिच्या आईला सोडत नाहीस. दोन महिने झाले, एकही शिवी ऐकली नाही मी. आणि काल मी तुझ्या पाठीशी नव्हतो, वेडे. कोठारापलीकडे बसलो होतो. मामारींचा खाकरा ऐकला आणि धावत सुटलो. आंधळा माणूस उगाच धावतो होय?"

सितानने त्याच्या नडगीकडे हात नेला, चाचपडत. चिंधी हाताला लागली. मग तिचा पारा चढला. "मग हसलास कशाला गाडीत? सगळ्यांना का हसवलंस?"

"न हसतो तर ते पाचही जण खिडकीतून उड्या टाकते. आणि तू घरी बसून सुया लपवत राहिली असतीस. मी म्हटलं, आपण गाडीत बसलो की ही आपलं पाप फेडायला मागे चढेल. चढलीस."

"पण तुला तर सुरीची भीती वाटते."

"वाटते ना. आत्ताही वाटतेय." त्याने कपाळावरची चिकटपट्टी चाचपली. "मला एकच सांग. वर्षभर दिसलं तुला. काय पाहिलंस?"

तिने हा विचार कधी केला नव्हता. गेल्या काही महिन्यांत ती फक्त गेलं त्याचाच हिशेब मांडत बसली होती. "माझ्या लेकाच्या कानशिलावर पांढरे केस आलेत," ती म्हणाली. "ते पाहिलं. मला वाटलं होतं तो अजून पोरच आहे. कोरोच्या धाकटीच्या मानेवर तीळ आहे, तिच्या आजोबांसारखा. आणि ह्यांची कुदळ. दांड्यावर हात धरायची जागा झिजून खड्डा पडलाय. मी रोज त्या खड्ड्यात हात ठेवायचे, तो पाहिला. बाजरीच्या कणसावर पहाटेचं पाणी. तुझं थोबाड पण पाहिलं, ते नसतं पाहिलं तरी चाललं असतं."

"थट्टा खाली ठेवलीय म्हटलं ना."

"ही थट्टा नव्हती."

झांकेने ते सगळं बोटांवर मोजलं. "एवढं वर्षभरात," तो म्हणाला. "मला पुरेल. मी जाईन आत. पण आधी तू रांगेत उभी राहायचं. नाही तर मी हा उठलो आणि हा चाललो."

डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे कोवळा पोरगा होता. त्याने थेंब घातले, वेळ जाऊ दिला, यंत्रावर तिची हनुवटी ठेवली आणि आत डोकावला. सितानने सगळं कबूल करून टाकलं, भट्टी, धूर, सुया, एका दमात.

"आजी, मोतीबिंदू परत येत नाही," तो म्हणाला. "काढला तो गेला. आत जे भिंग बसवलंय ना, ते एका पातळ पिशवीत असतं. त्या पिशवीची मागची बाजू धुरकटलीय. पुष्कळांना होतं, कुणाला वर्षाने, कुणाला आणखी उशिरा. धुराने नाही झालं, तुझ्यामुळेही नाही."

"परत कापणार?"

"कापायचं काही नाही. उजेडाने त्या पडद्याला बारीकशी खिडकी पाडायची. हलू नकोस."

टिक, टिक, टिक झालं. लाल ठिपका नाचला. सितान तपासणी संपायची वाट पाहत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"खिडकी पाडून झाली."

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला संताप आला, असा की हनुवटीखालचं यंत्र उचलून आपटावंसं वाटलं. "एवढंच? एवढ्यासाठी मी चोरासारखी जगले? व्याह्याला गुलाम म्हटलं? मला कुणी सांगितलं का नाही असं होतं म्हणून?"

"सांगितलं असेल, आजी," पोरगा ओशाळून म्हणाला. "पट्टी सुटली की कुणाचं लक्ष असतं? सगळे आपापली माणसं बघत असतात."

पट्टी सुटली तेव्हा ती खरंच लेकाचे केस बघत होती.

बाहेर आली तर उन्हाने डोळा दिपला. थेंबांनी बाहुली ताणलेली, सगळं पांढरं, आधीपेक्षा वाईट. नेमकं तेव्हाच झांकेचं नाव पुकारलं गेलं. तो परिचारकाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि तिच्या पावलांच्या दिशेने वळला.

"दिसतंय?"

एक "हो" म्हटलं असतं की तो हसत आत गेला असता. सितानच्या ओठांवर तो "हो" आलाही. "नाही," ती म्हणाली. "सगळं पांढरं दिसतंय. पोरगा म्हणतो, निवळेल. मला माहीत नाही, झांके. मला माहीत असतं तर सांगितलं असतं."

"बरं," तो म्हणाला, आणि आत गेला.

रात्र कशी काढली ते तिलाच ठाऊक. पहाटे डोळा उघडला तेव्हा तिला पहिल्यांदा दिसली ती चटई. एकेक काडी. काडीवर चाललेली मुंगी आणि मुंगीच्या तोंडातलं साखरेचं खड्याएवढं ओझं. ती किती वेळ त्या मुंगीकडेच बघत बसली.

उन्हं वर आल्यावर कालच्या लोकांच्या पट्ट्या सोडायला घेतल्या. समोरच्या बाकावर आज आत जायची नवी माणसं बसली होती, दुसऱ्या गावची, भेदरलेली. झांकेची पट्टी सुटली. त्याने डोळा मिचकावला, पाणी आलं, परत मिचकावला.

"काय दिसतंय, काका?" आवाने विचारलं.

झांकेने सितानकडे पाहिलं. डोक्याच्या फडक्यापासून पायाच्या भेगांपर्यंत सावकाश पाहिलं. "एक म्हातारी त्राओरे दिसतेय," तो म्हणाला. "पट्टी परत बांधा."

हशा पिकला. बाकावरची माणसंही जरा सैलावली. आवाने ती संधी साधली. "बघा, घाबरण्यासारखं काही नाही! आणि ह्या सितान आजी. दीड वर्षामागे झालं यांचं. आजी, सुई ओवून दाखव."

सितानने फडक्यातली ओवलेली सुई काढली, सगळ्यांदेखत तिचा दोरा ओढून टाकला, आणि बाकासमोर उभी राहिली. "आधी माझं ऐका. माझा डोळा वर्षभराने परत धुरकटला होता. मी लपवलं. खोट्या सुया दाखवल्या. तुमच्यातही कुणाला तसं होईल. झालं तर घरात दडून बसू नका, इथे या. कापत नाहीत. काल माझं झालं, आणि आज दिसतंय."

बाकावरची एक जाडजूड म्हातारी खिदळली. "त्राओरे ना तू? मी जारा आहे बाई! मला नको शेंड्या लावू!" आणि बाकाला हसू फुटलं, इकडून तिकडे. "त्राओरेचं ऐकलं तर झालंच!" कुणीतरी म्हणालं. सितानचे हात खाली आले. परत तेच. हिला आता कुणाकुणाच्या कबरीची शपथ घालायची?

झांके उठला. नवा डोळा अजून सरावला नव्हता. एक पाऊल चुकलं, पण बाकापर्यंत पोचला. त्याने त्या जाड म्हातारीकडे रोखून पाहिलं.

"जारा म्हणालीस? मीही जारा. झांके जारा. चवळीखाऊ, माझा बाप चवळीखाऊ, त्याचा बाप चवळीखाऊ." लोक हसायच्या तयारीत होते, पण तो हसत नव्हता. "जाराच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नसेल ते ऐका. ही त्राओरे खरं बोलतेय. शब्द न् शब्द खरा. माझं हसू होईल, गावात मला कुणी जगू देणार नाही, माहीत आहे मला. होऊ दे. हिचं ऐका."

जाड म्हातारीचं हसू विरलं.

सगळे सितानकडे बघत होते. रिवाजाप्रमाणे आता तिने उलट टोला द्यायचा होता, जबरदस्त, असा की झांकेला तोंड दाखवायला जागा राहू नये. तिला एकही शब्द सुचला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग तिने नुसतीच सुई वर धरली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि नेढ्याशी नेलं. चुकलं. परत नेलं. परत चुकलं. डोळा भरून आला होता, आणि नेढं त्या पाण्यात पोहत होतं. तिने मनगटाने डोळा पुसला, सुईच्या आईला, आजीला आणि पणजीला एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा टोक ओलं केलं.

"ही खरी," झांके बाकावरच्या माणसांना म्हणाला. "थांबा जरा. आता ओवेल."